सर्पाचे मस्तक आणि मानवाची टाच : ‘आद्य सुवार्ते’चा पुनर्विचार

‘उत्पत्ती’ या ग्रंथाच्या तिसऱ्या अध्यायातील पंधरावे वचन ख्रिस्ती परंपरेत ‘आद्य सुवार्ता’ या नावाने ओळखले जाते. निषिद्ध फळ खाल्ल्यानंतर परमेश्वर सर्प, स्त्री आणि पुरुष यांना क्रमाने आपला निर्णय सांगतो. त्यांपैकी सर्पाला दिलेल्या निर्णयाच्या उत्तरार्धात हे वचन येते. सर्पात व स्त्रीत, तसेच त्याच्या संततीत व तिच्या संततीत वैर निर्माण केले जाईल. एका पक्षाचा आघात मस्तकावर होईल, दुसऱ्याचा टाचेवर, असा त्याचा आशय आहे. एवढ्या अल्पाक्षरी वचनात ख्रिस्ताचे आगमन, त्याचे दुःखसहन आणि दुष्टावरील त्याचा अंतिम विजय या सर्वांचे पहिले भाकीत आहे, असे ख्रिस्ती व्याख्याकारांनी शतकानुशतके प्रतिपादन केले. गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांतील संहिताचिकित्सेने या प्रतिपादनाला बव्हंशी नकार दिला. श्रद्धावंत आणि चिकित्सक या दोघांचेही एक गृहीत मात्र समान राहिले. ते असे की, हे वचन भाकीत नसेल तर त्यावर उभारलेली मुक्तीची आशाही तेवढ्यापुरती निराधार ठरते. हे गृहीत तपासून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

मराठी वाचकापुढील अडचण ‘भाकीत’ या शब्दापासूनच सुरू होते. हिब्रू ‘नाबी’ या शब्दासाठी ख्रिस्ती मराठीत ‘भविष्यवादी’ आणि ‘संदेष्टा’ असे दोन्ही शब्द रूढ आहेत. पहिल्या शब्दावर आपल्याकडील ज्योतिषाचा दाट संस्कार आहे. पुढे काय घडणार हे जो आधी सांगतो तो भविष्यवादी, आणि त्याची कसोटी एकच : सांगितले तसे घडले की नाही. परंतु इसवी सनापूर्वीच्या आठव्या शतकात आमोसाने इस्राएलच्या उत्तर राज्यातील धनिकांना, ते गरिबाला पायांतील जोड्याच्या मोलाने विकतात म्हणून, जे सुनावले त्याचे मर्म या कसोटीने हाती लागत नाही. संदेष्ट्याची वाणी भविष्याविषयी बोलते ती ऐकणाऱ्याचे वर्तमान हलविण्यासाठी. ती ऐकणाऱ्याला कोठे उभे करते, कोणापासून तोडते आणि कोणाशी जोडते, हा प्रश्न तिच्या बाबतीत अधिक मूलगामी असतो. आपले वचन तर कोणा संदेष्ट्याच्या तोंडीही नाही. ते न्यायनिर्णयाचे वचन आहे. तेव्हा त्याला भाकिताच्या साच्यात बसविण्यापूर्वी त्याचा स्वतःचा घाट पाहणे आवश्यक ठरते.

त्या घाटातील पहिली लक्षणीय गोष्ट ही की, हे वचन मानवाला दिलेले नाही. ते सर्पाला ऐकविलेले आहे. स्त्री आणि पुरुष बाजूला उभे राहून ते ऐकतात. आशेचे पहिले वचन म्हणून ज्याचा गौरव झाला, ते माणसाच्या कानावर पडले ते शत्रूला झालेली शिक्षा म्हणून. दुसरी गोष्ट शापाच्या शब्दाची आहे. ‘शापित’ या अर्थाचा हिब्रू शब्द ‘आरूर’ या प्रसंगात दोनदाच येतो, एकदा सर्पाच्या संबंधात आणि एकदा भूमीच्या संबंधात. स्त्रीच्या वाट्याला प्रसूतीच्या वेदना आणि पतीची सत्ता येते, पुरुषाच्या वाट्याला घाम, काटेकुसळे आणि मातीत परतणे येते. पण त्या दोघांपैकी कोणालाही ‘शापित’ म्हटलेले नाही. प्रवचनांतून मात्र ‘आदाम-हव्वेला मिळालेला शाप’ हा शब्दप्रयोग इतका सरसकट होतो की, मूळ ग्रंथकाराने राखलेला हा भेद बहुतेकांच्या लक्षातही येत नाही.

आता आघाताचे क्रियापद. मूळ हिब्रूत मस्तकावरील आणि टाचेवरील दोन्ही आघातांसाठी ‘शूफ’ हे एकच क्रियापद वापरले आहे. ते अत्यंत विरळ आहे. या वचनाखेरीज ते ईयोबाच्या ग्रंथात एकदा आणि स्तोत्रसंहितेत एकदा आढळते. त्यांपैकी स्तोत्रातील स्थळी त्याचा अर्थही संदिग्ध आहे. आघात दोन्ही बाजूंनी, क्रियापद तेच. फरक आहे तो केवळ स्थानाचा. मस्तक चिरडणे प्राणघातक आणि टाच दुखावणे सुसह्य, असा युक्तिवाद केला जातो. परंतु विषारी सर्पाने टाचेला केलेला दंश सुसह्य असतो, हे म्हणणे ज्याने शेतात अनवाणी काम केले आहे त्याला पटण्यासारखे नाही. गेरहार्ट फॉन राड यांनी आपल्या भाष्यात या वचनात अंत नसलेला संघर्ष पाहिला. क्लाउस वेस्टरमान यांनी, संतती हा शब्द समूहवाचक आहे आणि वचनाचे स्वरूप शापाचे आहे, या दोन कारणांवरून ‘आद्य सुवार्ता’ ही संकल्पनाच अमान्य केली. व्याकरणाच्या पातळीवर त्यांच्याशी वाद घालणे कठीण आहे. ‘स्त्रीची संतती’ असे म्हटले आहे, ‘पुरुषाची’ नव्हे, म्हणून येथे कुमारीजन्माचे सूचन आहे, हा जुना युक्तिवादही टिकत नाही. कारण याच ग्रंथात पुढे हागार आणि रिबका यांच्या संबंधातही ‘तुझी संतती’ असा प्रयोग आलेला आहे आणि तेथे अशा अर्थाचा प्रश्नच उद्भवत नाही.

मग उरते काय? हेर्मान गुंकेल यांनी 1901 साली प्रसिद्ध केलेल्या भाष्याच्या धर्तीवर असे म्हणता येईल की, माणसाला साप दिसताच तो ठेचावासा का वाटतो, या लोकजिज्ञासेचे हे प्राचीन उत्तर आहे. कथेच्या एका थराचे हे स्पष्टीकरण योग्यही असेल. परंतु ‘वैर’ या अर्थी येथे आलेला ‘एवाह’ हा शब्द हिब्रू शास्त्रग्रंथांत अन्यत्र जेथे जेथे येतो, म्हणजे गणनेच्या ग्रंथातील मनुष्यवधासंबंधीच्या नियमांत आणि यहेज्केलाच्या ग्रंथात, तेथे तेथे तो माणसामाणसांतील किंवा राष्ट्राराष्ट्रांतील जीवघेण्या द्वेषासाठी येतो. माणूस व जनावर यांच्यातील स्वाभाविक भयाचा तो शब्द नव्हे. शिवाय, वैर उत्पन्न होईल, असे येथे म्हटलेले नाही. परमेश्वर स्वतः ते घालतो. कर्ता तो आहे.

माझ्या मते या वचनाचे केंद्र येथे आहे, आणि परंपरेतील बहुतेक वाद मात्र उत्तरार्धाभोवती फिरत राहिले. पूर्वीच्या प्रसंगात सर्प आणि स्त्री यांच्यात वैर नव्हते. एक विलक्षण सख्य जुळले होते; सर्प शंका सुचवीत होता, स्त्री ती ऐकत होती, आणि देवाच्या हेतूविषयीचा संशय हा दोघांमधील मैत्रीचा धागा होता. पतनाचे खरे स्वरूप फळ खाण्यापेक्षा या सख्यात अधिक आहे. न्यायनिर्णयात पहिले काय मोडले जात असेल, तर ते हे सख्य. वाइटाशी माणसाला शांतपणे नांदता येणार नाही, त्याच्याशी केलेला प्रत्येक तह कोठे तरी सलत राहील, अशी व्यवस्था येथे केली जाते. वैर ही येथे शिक्षा आहे ती सर्पाला. माणसाच्या दृष्टीने ते दान आहे. या वचनात विजयाचे आश्वासन नसेलही. परंतु शरणागतीला दिलेला नकार त्यात निश्चित आहे, आणि मुक्तीच्या कोणत्याही आशेला आधी एवढे तरी लागते. वाइटाशी ज्याचे भांडण उरले नाही, त्याला सोडविणार कशापासून?

उत्तरार्धातील वाद मुख्यतः एका सर्वनामाचा आहे, आणि तो भाषांतराच्या अभ्यासकाने मुळातून पाहावा इतका उद्बोधक आहे. हिब्रूत ‘झेरा’ म्हणजे बीज किंवा संतती हा शब्द पुल्लिंगी असल्यामुळे पुढील सर्वनाम ‘हू’ हे पुल्लिंगी आले. त्यावरून व्यक्ती की समूह याचा निर्णय होत नाही. इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात पंचग्रंथाचे जे ग्रीक भाषांतर झाले, त्यात बीजासाठी ‘स्पेर्मा’ हा नपुंसकलिंगी शब्द योजला आहे. व्याकरणाप्रमाणे पुढे ‘ते’ यायला हवे होते. आले मात्र ‘औतोस’, म्हणजे ‘तो’. रेमंड मार्टिन यांनी 1965 साली एका शोधनिबंधात असे दाखविले की, उत्पत्तीच्या ग्रीक भाषांतरकाराने असा लिंगभंग अशा प्रकारच्या अन्य स्थळी केलेला नाही. त्यावरून, ख्रिस्तपूर्व काळातील यहुदी भाषांतरकाराच्या मनातच कोणी एक व्यक्ती होती, असे अनुमान त्यांनी काढले. अनुमान मोहक आहे. एका सर्वनामावर ते किती भार घालते, हे मात्र विसरू नये. ग्रीक भाषांतरकाराला आघाताच्या क्रियापदाचा अर्थही नीट लागलेला दिसत नाही. त्याने दोन्ही ठिकाणी ‘पाळत ठेवणे’ या अर्थाचे क्रियापद वापरले आहे.

लॅटिनमध्ये आणखी निराळे वळण लागले. लॅटिन ‘सेमेन’ नपुंसकलिंगी. पण व्हल्गेटच्या रूढ पाठात सर्वनाम आले ते ‘इप्सा’, म्हणजे ‘ती’, स्त्री. वास्तविक जेरोमने उत्पत्तीवरील आपल्या टिपणांत पुल्लिंगी पाठच दिलेला आहे आणि काही हस्तलिखितांतही तो आढळतो. म्हणजे ‘इप्सा’ हा जेरोमचा की नकलनविसाचा, हा प्रश्न शिल्लक राहतोच. परंतु पाठ रूढ झाला आणि त्यासरशी सर्पाचे मस्तक चिरडणारी मरिया ख्रिस्ती कलेत व भक्तीत अवतरली. शिवाय लॅटिनने दोन क्रियापदे योजून मस्तकासाठी ‘चिरडणे’ आणि टाचेसाठी ‘दबा धरणे’ असा भेद केला. मूळ हिब्रूत नसलेला विजय येथे क्रियापदांच्या निवडीतून आला. ल्यूथरने ‘इप्सा’वर कडाडून हल्ला केला आणि हे वचन ख्रिस्तावर केंद्रित केले. काल्व्हिनने मात्र, आपल्याच पक्षातील अनेकांच्या विरोधात जाऊन, संतती हा शब्द समूहवाचक आहे आणि तो बळाने एका व्यक्तीवर लादता येत नाही, असे स्पष्ट म्हटले. ख्रिस्त हा त्या समूहाचा मस्तकस्वामी, एवढेच त्याने मान्य केले. भाष्यकाराची सचोटी ती हीच. रोममध्ये कारावाज्जोने 1605-06 मध्ये रंगविलेल्या एका चित्रात मरियेचा पाय सर्पावर आहे आणि बालक येशूचा पाय तिच्या पायावर. व्याकरणाचा तंटा चित्रकाराने दोन पायांत मिटविला, असे म्हणावयास हरकत नाही. 1979 साली रोमन चर्चने प्रसिद्ध केलेल्या नव्या व्हल्गेटमध्ये ‘इप्सुम’, म्हणजे ‘ते’, हा पाठ स्वीकारण्यात आला.

या सगळ्या वादात संततीची पुढची हकीकत कोणी फारशी पाहत नाही. वचन उच्चारले गेल्यानंतर स्त्रीला जी पहिली संतती होते, ती काइन. हव्वा त्याच्या जन्माच्या वेळी परमेश्वराचे नाव घेऊन जे उद्गारते त्याचा अर्थ ल्यूथरने असा लावला की, हाच तो वचनातील पुत्र, असे तिला वाटले. भाषाशास्त्राच्या दृष्टीने तो अर्थ फारसा ग्राह्य नाही. पण त्यातील करुणा दुर्लक्षिण्याजोगी नाही. ज्याच्याकडून सर्पाचे मस्तक चिरडले जाण्याची अपेक्षा, त्याने आपल्या भावाचे रक्त सांडले. आणि खुनापूर्वी परमेश्वर काइनाला जी सूचना देतो तीत पाप हे दाराशी दबा धरून बसलेल्या श्वापदासारखे वर्णिले आहे; त्याची ओढ तुझ्याकडे आहे, तू त्याच्यावर सत्ता चालवावीस, असा तिचा आशय. बागेतील सर्प आता घराच्या उंबरठ्याशी आला. सर्पाची संतती आणि स्त्रीची संतती ही दोन वेगळी कुळे नव्हेत. वैराची रेषा एकाच घरातून आणि एकाच अंतःकरणातून जाते. योहानाच्या पहिल्या पत्रात काइनाला ‘त्या दुष्टाचा’ म्हटले आहे ते याच अर्थाने. वाइटाला बाहेरचा शत्रू ठरवून त्याच्या पराभवाचा जयजयकार करणाऱ्या धर्मोपदेशाला हा चौथा अध्याय मोठाच अडसर आहे, आणि कदाचित म्हणूनच तो ‘आद्य सुवार्ते’च्या प्रवचनात येत नाही.

यहुदी परंपरेने हे ओळखले होते. अरामी तार्गुमांत या वचनाचा जो विस्तार आढळतो, त्यानुसार स्त्रीची संतती जेव्हा नियमशास्त्र पाळते तेव्हा ती सर्पाच्या मस्तकावर प्रहार करते आणि जेव्हा ते टाकून देते तेव्हा सर्प तिच्या टाचेला डसतो. म्हणजे संघर्षाचा निकाल ठरलेला नाही. तो रोजच्या आज्ञापालनावर अवलंबून आहे. परंतु तेथेही शेवटी, मानवाच्या जखमेला उपाय आहे आणि सर्पाच्या जखमेला नाही, आणि हा समेट मसीहा राजाच्या दिवसांत होईल, अशी पुस्ती जोडलेली आहे. ‘टाच’ आणि ‘शेवट’ या हिब्रू-अरामी शब्दांतील साधर्म्याचा लाभ येथे घेतलेला दिसतो. श्लेषातून निघालेली ही आशा पोकळ म्हणावी काय? मला तसे वाटत नाही. ज्या समाजाला टाचेची जखम परिचयाची झाली होती, त्याने वचनातील टाच या शब्दापाशी थांबून त्यातच शेवटाची चाहूल घ्यावी, हे वाचन प्रामाणिक आहे.

यशयाच्या ग्रंथात तर सर्पाविषयी दोन परस्परविरोधी स्वप्ने आहेत. अकराव्या अध्यायात तान्हे मूल विषारी सर्पाच्या बिळापाशी निर्धास्त खेळते. तेथे वैरच संपलेले आहे. पासष्टाव्या अध्यायात लांडगा आणि कोकरू एकत्र चरतात, सिंह कडबा खातो, पण सर्पाचे अन्न धूळच राहते. उत्पत्तीतील शिक्षा नव्या सृष्टीतही रद्द होत नाही. वाइटापासून मुक्ती म्हणजे शत्रूचा नाश की शत्रुत्वाचा अंत, हा प्रश्न संदेष्ट्यांच्या वाणीतच असा उघडा राहिला आहे. ख्रिस्ती धर्मविचाराने बहुधा पासष्टाव्या अध्यायाची वाट धरली. अकराव्याची वाट त्याने नाताळच्या चित्रांपुरती ठेवली, ही माझी एक तक्रार आहे.

नव्या करारात हे वचन भाकीत म्हणून कोठेही उद्धृत केलेले नाही. प्रत्येक प्रसंगाला जुन्या शास्त्राचा आधार शोधणाऱ्या मत्तयानेही ते घेतलेले नाही. अब्राहामाच्या ‘संतती’ या शब्दाच्या एकवचनावर गलतीकरांच्या पत्रात युक्तिवाद रचणारा पौल या वचनातील एकवचनाचा उपयोग करीत नाही. रोमकरांच्या पत्राच्या अखेरीस तो, शांतीचा देव सैतानाला लवकरच तुमच्या पायांखाली तुडवील, अशी खात्री देतो. तेथे पाय वाचकांचे, अनेकांचे आहेत आणि तुडविणारा देव आहे. प्रकटीकरणाच्या बाराव्या अध्यायात पुरातन सर्प म्हणजेच सैतान अशी ओळख पटविली जाते. परंतु तेथेही स्त्रीचा पुत्र देवाकडे उचलला गेल्यानंतर अजगर तिच्या उरलेल्या संततीशी लढावयास निघतो. ख्रिस्त येऊन गेल्यावरही टाच उघडीच आहे. वचनाचा समूहवाचक अर्थ आणि संघर्षाचे चालूपण या दोन्ही गोष्टी नव्या कराराने राखल्या आहेत. त्या पुसल्या त्या पुढील काळातील उत्साहाने.

हे वचन ख्रिस्ताच्या संदर्भात प्रथम सविस्तर उलगडले ते इरेनेअसने, सुमारे 180 साली. त्याच्या ‘पाखंडांविरुद्ध’ या ग्रंथाच्या पाचव्या खंडात तो म्हणतो की, शत्रूला जिंकणारा स्त्रीपासून जन्मलेला माणूस नसता तर शत्रूचा पराभव न्याय्य ठरला नसता. येथवर ते अपेक्षितच आहे. पण मस्तक चिरडले गेले ते कोठे, या प्रश्नाचे त्याचे उत्तर मात्र चकित करणारे आहे. तो क्रूसाकडे धाव घेत नाही. तो रानातील परीक्षेकडे वळतो. चाळीस दिवसांच्या उपवासानंतर भुकेल्या येशूला सैतान भाकरीचे आमिष दाखवितो आणि येशू नियमशास्त्रातील वचनाने त्याला नकार देतो. बागेत तृप्त माणसाने खाल्ले, रानात भुकेल्या माणसाने खाल्ले नाही. इरेनेअसच्या दृष्टीने हाच मस्तकावरील प्रहार. म्हणजे त्याने उत्तरार्धातील विजय पूर्वार्धातील वैराशी जोडला. वाइटाचे सख्य नाकारणे आणि वाइटाचे मस्तक चिरडणे या त्याच्या लेखी दोन क्रिया नव्हेत. मिल्टनने ‘पॅरडाइज लॉस्ट’च्या (1667) शेवटच्या सर्गात हेच केले. तेथे आदाम सर्पाच्या मस्तकाचे वचन ऐकून द्वंद्वयुद्ध केव्हा आणि कोठे होणार असे उतावळेपणाने विचारतो, तेव्हा मीखाएल त्याला थांबवून सांगतो की, हे युद्ध तसे नव्हे. ते आज्ञापालनाने आणि दुःखसहनाने जिंकले जाईल. पुढे ‘पॅरडाइज रिगेन्ड’ (1671) लिहिताना मिल्टनने क्रूसारोहण न घेता रानातील परीक्षाच विषय म्हणून निवडली, ही निवड इरेनेअसच्या वाटेवरची आहे.

आपल्याकडील वाचकाला या ठिकाणी कालियामर्दनाची आठवण होणे स्वाभाविक आहे, आणि मिशनरी काळापासून ही तुलना अधूनमधून डोकावते. मला ती दिशाभूल करणारी वाटते. भागवतातील कृष्ण कालियाच्या फणांवर नाचतो, तो अक्षत राहतो, आणि शरण आलेल्या नागाला यमुनेतून रमणकद्वीपाकडे पाठवून देतो. टाचेची जखम नसलेली ही लीला आहे. उत्पत्तीच्या वचनात जखमेवाचून कोणीच सुटत नाही.

मराठीचा संबंध या विषयाशी जुना आहे. 1616 साली राचोल येथे छापलेल्या फादर स्टीफन्स यांच्या ‘क्रिस्तपुराणा’ची उभारणीच या आशेवर आहे. त्यातील ‘पैलें पुराण’ सृष्टीच्या उत्पत्तीपासून तारकाच्या प्रतीक्षेपर्यंत चालते आणि ‘दुसरें पुराण’ त्याच्या आगमनाचे व चरित्राचे आहे. जुना करार हा एक दीर्घ वाट पाहणे आहे, अशी दृष्टी त्या रचनेतच अनुस्यूत आहे. स्टीफन्स यांच्या चर्चची अधिकृत बायबल तेव्हा ‘इप्सा’ हा पाठ असलेली व्हल्गेट होती. पुढे प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांच्या प्रयत्नांतून जे मराठी भाषांतर प्रचारात आले ते मूळ हिब्रूला धरून झाले, पण मराठीच्या लिंगव्यवस्थेने त्यालाही चकविले. ‘वंश’ म्हटले तर ‘तो’, ‘बीज’ म्हटले तर ‘ते’, ‘संतती’ म्हटले तर ‘ती’. हिब्रू, ग्रीक आणि लॅटिन यांनी ज्या तीन वाटा चोखाळल्या त्या तिन्ही मराठीत एका नामाच्या निवडीवर अवलंबून आहेत. प्रचलित भाषांतराने ‘संतती’ हा शब्द घेतला आणि पुढे ‘ती’ आली. व्याकरणाने ही ‘ती’ संततीची आहे. परंतु वाक्य मोठ्याने वाचले जाते तेव्हा ऐकणाऱ्या बाईला ती आपली वाटते, आणि प्रॉटेस्टंट भाषांतरातून, कोणाच्या ध्यानीमनी नसता, ‘इप्सा’ परत येते. याच भाषांतराने मस्तक आणि टाच या दोहोंसाठी ‘फोडणे’ हे एकच क्रियापद ठेवले आहे. ‘टाच फोडणे’ मराठी कानाला खटकते खरे, पण हिब्रूचे समतोलपण त्यातच टिकले आहे. लॅटिनची दोन क्रियापदे घेऊन वाक्य गुळगुळीत करण्याचा मोह त्या भाषांतरकारांनी टाळला.

आता या ‘ती’चे काय करावे? ‘वंश’ घालून पुल्लिंगी करावी, अशी सूचना पुढे येऊ शकेल. ख्रिस्ताकडे निर्देश करण्यास ‘तो’ अधिक सोयीचा आहेच. मी ती स्वीकारणार नाही. ‘ती’मध्ये संतती आहे, म्हणजे समूह आहे, जो काल्व्हिनला हवा होता, ‘ती’मध्ये स्त्रीचाही भास आहे, जिला तर्तुल्लियानासारख्यांनी सैतानाचे प्रवेशद्वार म्हटले आणि वचनाने मात्र सर्पाची पहिली वैरीण म्हणून नेमले. नव्या आवृत्तीच्या संपादकांनी तळटीप द्यावी. सर्वनाम आहे तसे राहू द्यावे.